सवाईला सहकुटुंब जाताना

डिसेंबर लागला की पुण्यात ओळखीचा माणूस भेटल्यावर तब्येत विचारत नाही. ‘यंदा सवाईला किती दिवस?’ असं विचारतो. सवाई म्हणजे शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव. ‘एकच दिवस’ म्हणणाऱ्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात, आणि ‘जमत नाही हो’ म्हणणाऱ्याच्या मूळ गावाची चौकशी होते. तेव्हा सरळ सीझन तिकिटं काढा आणि सहकुटुंब जा. आपल्याला गाण्यातलं कळत नाही, ही शंका मनात आणू नका. कळणारे पुढे कुठेतरी डोळे मिटून बसलेले असतात. बाकीचं मैदान आपलंच आहे.

निघण्याआधी थोडी माहिती पाठ करून ठेवा. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. गुरू म्हणजे सवाई गंधर्व, कुंदगोळचे रामभाऊ. ही माहिती गाडीत सांगून वाया घालवू नका. आलापी रंगात आली की ठाण्याहून आलेल्या मेव्हण्याच्या कानाशी लागून सांगा, म्हणजे पुढच्या दोन रांगांनाही तिचा लाभ होतो. महोत्सव आधी रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरात होतो. तेव्हा शेवटी ‘रमणबागेची मजा मुकुंदनगरात नाही’ हे वाक्य जोडायचंच. तुम्ही नोकरीनिमित्त २०१९ साली पुण्यात आला असलात तरी हरकत नाही. हे वाक्य पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला पोहोचण्याची चूक करू नका. सुरुवातीला बहुधा कोणीतरी तरुण कलाकार असतो आणि त्याच्यासमोर निम्म्या सतरंज्या रिकाम्या असतात. वीस वर्षांनी तो मोठा झाला की ‘मी त्याला पहिल्या सवाईत ऐकलंय’ असं सांगता येईलच. त्यासाठी आज हजर असण्याची गरज नाही. फक्त आजोबांना तेवढं दुपारी रिक्षाने पुढे धाडा. भारतीय बैठकीत एक आजोबा, एक ओढणी आणि पाण्याची बाटली एवढ्यावर सात माणसांची जागा धरता येते. कोणी विचारलंच तर ‘येतायत, पार्किंगला गेलेत’ म्हणायचं, हे त्यांना पढवून ठेवा. पार्किंगला म्हणजे तुम्ही अजून घरी इस्त्री करताय, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. त्याचेही घरीच असतात.

आत शिरायची वेळ मात्र नीट साधा. विलंबित एकताल सर्वांत सोयीचा. मात्रा म्हणायला बाराच, पण लय अशी संथ की एका आवर्तनात सहज मिनिट जातं. तेवढ्यात चार जणांच्या मांड्या, एक थर्मास आणि झोपलेलं एक मूल ओलांडून होतं. गवयाने समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यावं आणि त्याच क्षणी तुम्ही शेजारच्या काकांच्या पायावर, असं जमलं तर काकांच्या तोंडून आपसूक ‘आहा’च्या जवळपासचं काहीतरी निघतं.

आता मुख्य विषय, म्हणजे खाणं. खरं सांगायचं तर घरातल्या निम्म्या माणसांना तिकीट कसलं आहे याची कल्पना याच विषयामुळे असते. मध्यंतराची वाट बघणारा माणूस उपाशी राहतो. तेव्हा मटार उसळीच्या रांगेत पंचवीस माणसं असतात आणि त्यातली चार तुमच्या ऑफिसातली. जाणकार मंडळी वादक वाद्य जुळवायला लागला की उठतात आणि आलाप, जोड, झाला हे सुरुवातीचे टप्पे संपेस्तोवर परतत नाहीत. बटाटेवडे, पिठलं-भाकरी, मग कॉफी, मग ‘मघाशी कॉफी गार होती’ म्हणून दुसरी कॉफी, असा विस्तार संथपणे करावा. कुठेही घाई नको. बैठकीवर परतताना हातात वेफर्सचं पाकीट असू द्या. ते द्रुत तबल्यात फोडलं तर कोणाला ऐकूही येत नाही. गायिका मंद्र सप्तकात उतरून षड्जावर स्थिर होईपर्यंत थांबा.

दाद देण्याबाबत नवखे लोक फार घाबरतात. सम कळत नसेल तर शेजाऱ्याच्या मानेवर नजर ठेवा आणि अर्ध्या मात्रेने उशिरा पण दुप्पट जोराने ‘क्या बात है’ म्हणा. गाणं संपल्यावर मात्र कौतुक करणं बरं नव्हे. ‘तंबोरे अंमळ चढेच होते’ हे कोणत्याही गाण्याला लागू पडतं. पूरिया झाला असेल तर ‘फारच मारव्याच्या अंगणातून गेले’ असं म्हणून खिन्न व्हावं. दोन्ही रागांचे स्वर तेच असल्यामुळे हे विधान उघडं पडायला समोर खरोखरचा गवई बसलेला असावा लागतो.

फोन हात लांब करून वर धरा. मागच्यांना स्टेज दिसत नाही ही तक्रार फसवी आहे. तुमच्या पडद्यावर दिसतंच की. अकरा मिनिटांचं चित्रण घरच्या ग्रुपवर टाकल्यावर तिसऱ्या सेकंदाला न्यू जर्सीच्या आत्याचे जोडलेले हात येतात. मुलांना संस्कारांसाठी आणलंय, तेव्हा त्यांनाही एक फोन द्या. आवाज बंद करून द्यायचा. तो नेमका तान संपल्यावरच्या शांततेत आपोआप सुरू होतो.

दहा वाजले की आवरायला लागा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्या मैदानावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतात, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे ललत आणि तोडी हे राग हल्ली पहाटेचे-सकाळचे म्हणून फक्त पुस्तकात असतात. यावर आजोबा दरवर्षी सांगतात, की रमणबागेत रात्रभर घोंगडी पांघरून बसायचो, शेवटी भीमसेन बसायचे, आणि उजाडताना चालत घरी जायचो. ऐकून घ्या. तोवर चपला शोधून होतात.

शेवटच्या दिवशी सगळ्यांत शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात. तिच्या आधी पाच मिनिटं निघालात तर गाडी पहिल्या झटक्यात बाहेर येते. स्वारगेटपर्यंत मेट्रो झालीय हे खरं, पण मेट्रोने गेलं तर ‘मी म्हटलं होतं तिकडे लावू नका’ हे वाक्य कुठे वापरणार? काच थोडी खाली केली तर भैरवी रस्त्यावरही छान ऐकू येते. हॉर्नच्या मध्ये मध्ये.

सिग्नलला माणसं मोजा. सहाच भरतील. आजोबांना फोन लावून उपयोग नाही, तो दुपारी तीनपासून बंद आहे. तेव्हा गाडी कडेला घेऊन मेव्हण्याला परत पाठवा आणि त्याला एवढंच सांगा, की आपली सतरंजी होती तिथेच बघ, ते हललेले नसणार.