गारा तुमच्याकडं, पूर आमच्याकडं

आमच्या आत्तेभावानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि माझा रविवार नासला. 'ती सौरऊर्जेची राष्ट्रीय संस्था का काय ती बंद करा आणि तेवढ्या पैशात शेतकऱ्याला पॅनेल वाटा. संशोधन करून काय करायलेत? पॅनेल चीनचं, इन्व्हर्टर चीनचा, आमच्यात फक्त नटबोल्ट.' खाली अकरा अंगठे. त्यात एक माझ्या सख्ख्या मावशीचा.

ड्राइव्हवेवरचा बर्फ अर्धाच ओढून झाला होता. फावडं तिथंच टाकलं आणि गॅरेजमध्ये बसून उत्तर लिहायला घेतलं.

मी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या गोल्डनला राहतो. आय-सेव्हन्टी हायवेला लागायच्या आधी टेकडीच्या पायथ्याला ती प्रयोगशाळा दिसते, नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी. १९७७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट होतं. पुढं राष्ट्राध्यक्ष रेगन आले, बजेटला कात्री लागली, संचालकांना घरी पाठवलं. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी तिला राष्ट्रीय प्रयोगशाळेचा दर्जा दिला. म्हणजे 'बंद करा' म्हणणारे इकडंही होते. फरक एवढाच की इकडं शेवटी शहाणपण टिकतं, असं मी ठसक्यात लिहिलं. हे वाक्य पुढं मला नडणार होतं.

मग भावाला त्याच्याच रानात ओढलं. तू लावतोस तो ऊस को ८६०३२. त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं १९१२ पासून उसाची पैदास करणारी संस्था आहे. शेजारच्या पट्टीत तुझा २६५ उभा आहे, तो पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. संशोधन बंद करा आणि तेवढ्या पैशात बेणं वाटा, असं आपल्या चिखलीच्या चावडीत कुणी म्हणालं होतं काय? उसाला संशोधन चालतं, उन्हाला नको? आणि ज्या चीनच्या पॅनेलवर तू बोट ठेवतोस, त्याची मुळं तरी कुठं आहेत? शी झेंगरोंग नावाचा माणूस सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात सौर सेलचे संशोधक मार्टिन ग्रीन यांच्याकडं शिकला आणि २००१ मध्ये चीनला परतून त्यानं सनटेक ही पॅनेलची कंपनी काढली. स्वस्त पॅनेल आभाळातून पडलेलं नाही.

आपल्याकडचंही सांगितलं. गुरुग्रामजवळ ग्वालपहाडीला १९८२ मध्ये सौर केंद्र सुरू झालं, २०१३ मध्ये त्याची स्वायत्त संस्था झाली, तू बंद करायला निघालास तीच. देशात ७४८ गिगावॅट सौर वीज होऊ शकते हा आकडा सगळे वर्षानुवर्षं भाषणात फेकायचे, तो या संस्थेनं काढलेला. तोही ओसाड जमिनीतले तीनच टक्के धरून. सौरपंप तपासायचं कामही तिथं चालतं. भाऊ यातलं काही वाचणार नाही हे माहीत होतं, तरी लिहिलं.

आणि शेवटी गारांची गोष्ट, कारण ती मला फार आवडते. ८ मे २०१७ ला इथं अशा गारा पडल्या की माझ्या गाडीची काच गेली आणि गल्लीतली छपरं बदलायला लागली. प्रयोगशाळेच्या एका इमारतीवर तीन हजारांहून जास्त पॅनेलं होती. त्यातलं एक फुटलं. एकच! कारण पॅनेल बाजारात यायच्या आधी त्यावर २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं मारून बघतात. हा गोळा केवढा असावा, किती जोरात मारावा, हे कुणीतरी वर्षानुवर्षं बसून ठरवलं. संशोधन केंद्र म्हणजे हे, भावा. नुसता पांढरा कोट नव्हे.

भावाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्याच्या सकाळच्या धारा झाल्यावर.

'दादा, गारा तुमच्याकडं, पूर आमच्याकडं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर आली की आम्ही नदीवरच्या पाण्याच्या मोटारी वर काढतो. ४३ झाली की माणसं काढतो. पॅनेल कुठं काढू? आणि सौरपंपाच्या योजनेत अनुदान साडेसात एचपीच्या पंपापर्यंतच. नदीवरनं वरच्या रानात पाणी त्यानं चढतंय व्हय? ते तुझ्या गोळा मारणाऱ्यास्नी विचार की.'

विचार की! इथंच माझी पंचाईत आहे.

कोल्हापुरात सगळ्यांना वाटतं की मी त्या प्रयोगशाळेत आहे. मावशी पाहुण्यांना 'आमचा सोलरच्या सरकारी लॅबमध्ये असतोय' असं सांगते. मी तिथं नोकरीला कधीच नव्हतो. मी तिथून सहा मैलांवर एका कंपनीत इमारतींच्या एसीची कंट्रोल पॅनेलं बसवतो. पॅनेल शब्दावरून घोटाळा झाला असावा, आणि गेली कित्येक वर्षं मी तो निस्तरलेला नाही. लॅबमध्ये गेलोय एकदाच, शाळेच्या सहलीबरोबर, मुलीचा पालक म्हणून. माझ्या छपरावर एकही सोलर पॅनेल नाही. आधी विम्याचं लचांड होतं, मग एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, पत्रं, मग कंटाळा.

आणि ते शहाणपण? २०२५ च्या डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेचं नाव बदलून नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज केलं. 'रिन्यूएबल' गेलं, 'एनर्जी'ही गेली, डोंगर उरले. भावानं ती बातमी ग्रुपवर टाकली. सोबत शब्द एक नाही, फक्त नमस्काराचे दोन हात.

तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही. गारांची चाचणी झाली ती कुणीतरी गारांचा प्रश्न विचारला म्हणून. पुराच्या काठच्या पंपाचा प्रश्न पुराच्या काठच्या माणसानंच तिथवर न्यायला हवा होता. पण चिखलीचा मेकॅनिकल इंजिनिअर झालेला एक माणूस डेन्व्हरच्या ऑफिसांना थंड हवा देत बसलाय. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. कुठल्या तोंडानं लिहिणार?

त्याच प्रयोगशाळेचं पीव्हीवॉट्स नावाचं फुकट गणितयंत्र आहे. जागा टाकली की महिन्यागणिक किती वीज होईल ते सांगतं. रात्री झोप येत नाही तेव्हा मी त्यात आमची गच्ची टाकतो, जिथं आई सांडगी मिरची वाळत घालायची. आता तिथं कुणी राहत नाही. आलेखात मार्चचा दांडका उंच येतो, जुलैचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. तो बुटका दांडका म्हणजे आमचा पाऊस. मी त्याच्याकडंच जास्त वेळ बघतो.

परवा भावाला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही. विचारलं, दोन हजार एकोणीसच्या पुरात मोटारीच्या खोलीवर पाणी कुठवर आलं होतं? नदी ते रान चढ किती फूट, पाइप किती इंची?

त्यानं फोटो पाठवला. खोलीची भिंत, पत्र्याच्या हातभर खाली खडूची रेघ, रेघेशेजारी तो स्वतः हात वर करून उभा. हात रेघेला पुरत नव्हता. खाली लिहिलं होतं, 'चढ मोजून सांगतो. टेप घरात आहे.'