गोरहॅम गुहा: पायथ्याशी समुद्र तेव्हा नव्हता

जिब्राल्टर (स्पेनच्या दक्षिण टोकाचा ब्रिटिश प्रदेश) इथल्या गोरहॅम गुहेत निअँडरथल, म्हणजे आपले नामशेष झालेले मानवी भाऊबंद, राहत असत. एका लेखात त्यांना ‘लाटांच्या काठावर राहणारे’ म्हटलंय, त्याला ही दुरुस्ती. हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली होती, त्यामुळे किनारा साडेचार किलोमीटरपर्यंत दूर असे. आज जिथे पाणी आहे तिथे वाळूच्या टेकड्या, झुडपं अन् गोड्या पाण्याची डबकी होती. तरी शिंपले, सील अन् डॉल्फिनची हाडं या अन् शेजारच्या व्हॅनगार्ड गुहेत सापडतात, म्हणजे मंडळी तेवढी पायपीट करत!

जाणाऱ्यांसाठी: गुहेत थेट शिरता येत नाही. वर्षभरात मोजक्याच लोकांना प्रवेश असतो, तोही मार्गदर्शकासोबत. त्यामुळे जिब्राल्टर नॅशनल म्युझियमकडे आधीच विचारणा करा. उतरताना शेकडो पायऱ्या सोप्या वाटतात, दम निघतो तो परतताना. गुडघे कुरकुरत असतील तर युरोपा ॲडव्हान्स बॅटरीज या जुन्या तोफखान्याजवळच्या सज्जावरूनच बघा. गुहेचा कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळीच जा. दुपारनंतर सगळं सावलीत जातं. लेव्हांटर हा पूर्वेचा वारा सुटला की जिब्राल्टरच्या डोंगरमाथ्यावर ढग बसतो अन् समुद्र खवळतो. त्या दिवशी बोटीतून बघायचा बेत सोडाच.

आणि गुहेतल्या खडकावरची निअँडरथलांची ती प्रसिद्ध फुलीफुलीची नक्षी (39 हजार वर्षांहून जुनी) म्हणजे सहज ओढलेले ओरखडे नव्हेत. खोल रेघा दगडी टोकानं पुन्हा पुन्हा घासून कोरल्यात.