एमी वाइनहाऊसचा आवाज नशेचा नव्हता

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाऊसवरचा आसिफ कपाडिया यांचा ‘एमी’ (2015) हा माहितीपट कुणी नव्याने पाहिला की तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: नशेतूनच तिची गाणी आली, ड्रग्जच्या ओव्हरडोसनं ती गेली, प्रसिद्ध गायक-वादकांना सत्ताविसाव्या वर्षी गाठणारा मृत्यूचा शाप तिलाही भोवला आणि उपचार तर तिला नकोच होते. लोक हे हळहळून पुढे पाठवतात. तरी ते चूक आहे.

आधी ओव्हरडोस. 23 जुलै 2011 रोजी लंडनमध्ये कॅम्डनच्या घरी ती गेली, तेव्हा तिच्या शरीरात बेकायदा ड्रग्ज सापडले नाहीत. सापडली ती दारू, 100 मिलिलिटर रक्तात 416 मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 80 आहे. त्याआधी काही दिवस तिनं दारू सोडली होती. सोडली की शरीराची सवय उतरते आणि जुन्याच मापानं पुन्हा प्यायलं तर श्वास बंद पडू शकतो. ‘ड्रग्ज नाही, नुसती दारूच घेतो’ म्हणत निर्धास्त राहणाऱ्या घरांनी हे ऐकायलाच हवं.

शाप वगैरे काही नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा अल्बम दिलेल्या 1046 कलाकारांचा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. 27 व्या वर्षीचं मृत्यूचं प्रमाण 25 व्या आणि 32 व्या वर्षीच्या प्रमाणाइतकंच निघालं.

‘रिहॅब’ या तिच्या गाण्यात व्यसनमुक्तीच्या उपचारांना नकार आहे, त्याचा दाखला हमखास दिला जातो. पण त्याच गाण्यात वडिलांना ती ठीक वाटते, असंही आहे. पुढे 2008 मध्ये ती उपचारांसाठी दाखल झाली होती.

आता मुख्य मुद्दा. माहितीपट सुरू होतो तो मैत्रिणीच्या वाढदिवसाला गाणाऱ्या शाळकरी एमीपासून. तो आवाज ऐका. सगळं तिथेच आहे. तिचा ‘फ्रँक’ हा अल्बम 2003 चा, ‘बॅक टू ब्लॅक’ 2006 चा. दारू आणि गांजा तेव्हाही होते, हे मी लपवत नाही. पण हेरॉइन आणि क्रॅक कोकेननं तिला घेरलं ते त्यानंतर, आणि 2006 नंतर जिवंतपणी तिचा एकही नवा अल्बम आला नाही. नशेनं गाणी दिली म्हणणाऱ्यांनी त्या पाच वर्षांतली गाणी दाखवावीत.

2008 च्या ग्रॅमीची रात्रही पुरावा म्हणून सांगतात. पाच पुरस्कार मिळाले आणि ती मैत्रिणीला म्हणाली, ड्रग्जशिवाय हे सगळं कंटाळवाणं आहे. मला ते दृश्य बघवत नाही. व्यसन आधी आनंद घेण्याची ताकदच खाऊन टाकतं, ते तिथे डोळ्यांसमोर दिसतं.

मार्च 2011 मध्ये ॲबी रोड स्टुडिओत ती अमेरिकन गायक टोनी बेनेट यांच्यासोबत ‘बॉडी अँड सोल’ गायली. ऐंशी पार केलेल्या त्या गुरुतुल्य माणसासमोर ती बावरलेली आहे, स्वतःच्या गाण्यावर नाराज आहे, आणि ते तिला धीर देताहेत. ते तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण ठरलं.