"जरा नीट धर गं, फोटो काढू दे"

फोटो फुकट असतो, हे या लोकांना सांगितलं कुणी?

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर काय गर्दी उसळते ते सांगायला नको. गणपतीचं दर्शन, नवे कपडे, शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या गाठीभेटी आणि पावलापावलाला सेल्फी. त्या गर्दीत एका दुकानाच्या बंद शटरपुढे माझी भाची आणि तिची मैत्रीण टेबल टाकून उभ्या होत्या, हाताने केलेली शुभेच्छापत्रं विकायला. मी आपली सुट्टे पैसे आणि पाकिटं सांभाळायला. दुकानदार ओळखीचे, त्यांनी आपणहून जागा दिली. पहाटे पाचपासून पोरी तिथे होत्या.

एक बाई आल्या. भरजरी साडी, नथ, सोबत नवरा आणि दोन मुलं. टेबलावरची निम्मी कार्डं उचलून उलटीसुलटी केली आणि पणतीचं कार्ड आवडलं म्हणाल्या. किंमत विचारली. एकशेवीस. "एवढ्याशा कागदाचे?" हे सगळेच म्हणतात, त्याचं आता काही वाटत नाही. पण मग त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्या भाचीलाच म्हणाल्या, "जरा नीट धर गं, फोटो काढू दे. अशी उजेडात ये, सावली पडतेय." आणि पोरीने धरलं! मोठ्या माणसांना तोंडावर नाही म्हणायचं नाही असं आपणच शिकवलंय ना तिला. बाईंनी पुढून काढला, जवळून काढला, आतला मजकूर उघडायला लावून काढला. "छान करता हं पोरींनो," म्हणाल्या आणि निघून गेल्या. कार्ड टेबलावरच.

दुपारी सासरच्या ग्रुपवर एका नातेवाइकांनी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. तेच कार्ड! तीच पणती, तीच सोनेरी ज्योत. खाली उजव्या कोपऱ्यात भाचीची बारीक सही असते, तिच्यावर पट्टी चिकटवून टाइप केलेलं, 'शुभेच्छुक : अमुक परिवार'. तो परिवार आमच्या नात्यातला नाही, फिरत फिरत आलेला मेसेज होता. पण कार्ड धरलेला अंगठा फोटोत स्पष्ट दिसत होता. नखाच्या कडेला सोनेरी रंग सुकलेला. तो अंगठा माझ्या भाचीचा आहे. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत तिने त्या ज्योती रंगवल्यात, तो रंग नखातून निघता निघत नव्हता. म्हणजे चित्र तिचं, अक्षर तिचं, हात तिचा, आणि नाव दुसऱ्याच कुणाच्या परिवाराचं!

मी ग्रुपवर लिहिलं की हे कार्ड माझ्या भाचीचं आहे, विकायला ठेवलं होतं, हा फोटो पुढे पाठवू नका. त्यावर उत्तर काय यावं? "अगं, शुभेच्छाच आहेत ना, त्यात चोरी कसली? सणासुदीला वाद नको." वाद मी काढला का? १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे या देशात. चित्र कागदावर उतरलं की त्यावर हक्क काढणाऱ्याचा, त्यासाठी नोंदणीसुद्धा लागत नाही. कलाकार हयात असेपर्यंत तो हक्क राहतो आणि त्याच्या मागे आणखी ६० वर्षं. चित्र आपलं आहे हे सांगायचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलाय. एकशेवीस रुपयांच्या कार्डासाठी कुणी कोर्टात जात नाही, हे ठाऊक असल्यामुळेच लोक असं बिनदिक्कत वागतात.

आणि एवढासा कागद म्हणे! तो हातकागद आहे, सुती चिंध्यांच्या लगद्याचा. एका तावातून सहा कार्डं निघतात. घडीवर आधी रेघ ओढावी लागते, नाहीतर कागद फाटून तंतू उठतात. पणतीची नक्षी कटरने कोरायची, एक कोपरा तुटला की अख्खं कार्ड बाद. अक्षरं कट निबने, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाच्या पेनाने, ओळ वाकडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. रंग वाळेपर्यंत एकावर एक ठेवता येत नाहीत, म्हणून ताईच्या घरात आठवडाभर पलंगावर, फ्रिजवर, शिलाई मशीनवर कार्डंच कार्डं. एका कार्डाला दीड तास जातो आणि सामानाचेच चाळीसेक रुपये होतात. उरलेल्या ऐंशी रुपयांत दीड तासाची मजुरी. यात कमी काय करायचं, सांगा.

तरी कमी करायला लावतातच. "दोन घेते, दीडशेला दे." हे म्हणणाऱ्या माणसाच्या हातात दोनशे रुपयांची कॉफी असते, आणि तिथे तो एक रुपया कमी कर म्हणालेला नसतो. वर तो कप आमच्या टेबलावर ठेवतो. खालच्या कार्डावर गोल डाग पडला, तर "अरेरे" म्हणून पुढे जातो. चकली खात खात तेलकट बोटांनी कार्डं चाळणारे वेगळेच. "आमची मुलगी घरीच करते असलं," असं मोठ्याने सांगून रांगेतलं गिऱ्हाईक पळवणारे आणखी वेगळे. ओळखीचे तर विकत घ्यायला येतच नाहीत, ते हक्काने मागायला येतात. "आम्हाला नाही का एक?" गेल्या वर्षी एका ओळखीच्या काकांनी पन्नास कार्डांची ऑर्डर दिली, पोरींनी जागून केली, आणि ऐनवेळी म्हणाले, छापील स्वस्त मिळाली. फोनसुद्धा भाचीनेच केला तेव्हा कळलं.

हीच मंडळी मराठी माणूस धंद्यात मागे का, यावर तासतासभर बोलतात. १९९९ मध्ये याच डोंबिवलीतून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, याचा केवढा अभिमान सांगतात! मला आहे तो अभिमान. पण त्याच गावात, त्याच रस्त्यावर दोन मराठी पोरी स्वतःच्या हाताने काही करून विकतात, तेव्हा त्यांच्याकडून एक कार्ड पूर्ण पैसे देऊन घ्यायला काय होतं? नको असेल तर घेऊ नका, तेही चालेल. बघा, आवडलं तर आवडलं म्हणा, पुढे जा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा आणि पाठवताना करणारीचं नाव तसंच राहू द्या. सहीवर पट्टी कसली चिकटवता?

नातेवाइकांनी संध्याकाळी तो मेसेज काढून टाकला. "तू फार मनाला लावून घेतेस," असं मला वेगळं पाठवलं. हो, घेते. तो फोटो अजून किती ग्रुपवर फिरतोय देव जाणे, आणि भाची विचारतेय, "मावशी, पुढच्या वर्षी सही मधोमध करू का? मग चित्र बिघडेल गं." तिला काय सांगू?