खुलासा: नव्या-जुन्या मांजरांना एका खोलीत कोंडू नका

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: नवं मांजर आणलं की जुन्यासोबत रात्रभर एका खोलीत बंद करा, भांडून भांडून सकाळी दोस्ती होते. हे खरं नाही.

मांजर ओळख पटवतं ती मुख्यतः वासाने. स्वतःच्या हद्दीत अनोळखी वास आला की ते बिथरतं, पळायला जागा नसेल तर चावतं. सुळे बारीक असल्याने जखम वरून टिचभर दिसते, आत मात्र पू होतो. पशुवैद्यांकडे अशी गळवं नेहमी येतात.

रोगाचा धोका वेगळाच. पॅनल्युकोपेनियाची (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागण झालेलं पिल्लू सुरुवातीचे काही दिवस ठणठणीत दिसू शकतं. म्हणून नव्याला साधारण २ आठवडे वेगळं ठेवायला सांगतात. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो वा जवळचा डॉक्टर, तपासणी आणि लस आधी.

‘वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणू?’ रास्त प्रश्न. दार लागणारं बाथरूमही चालतं. मग दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, नंतर तुमच्या देखत थोडा वेळ भेट. फिस्कारणं चालेल. अंगावर धावून गेलं, तर पुन्हा दाराआड. काहींना आठवडा लागतो, काहींना महिने; घाई माणसांनाच असते.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका. कुणी आधीच कोंडली असतील, तर दार उघडा. भांडणात हात घालू नका, मध्ये पुठ्ठा धरा.