रोज शंभर पझल, आणि भाच्याचा वजीर

ताईने परवा रात्री साडेअकराला बुद्धिबळाबद्दलचा एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचं वाक्य: "बघ रे, आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही." हाच मजकूर गेल्या पंधरा दिवसांत मला तीन ग्रुपांवर दिसला होता, तेव्हा मी अंगठा सरकवून पुढे गेलो होतो. पण आता तो घरात शिरला. नऊ वर्षांच्या भाच्याचा मोबाइलवेळ दुप्पट झाला आणि रविवारचे सरावडाव बंद झाले.

फॉरवर्डचा मथितार्थ असा: रोज 100 पझल (पट मांडून दिलेला असतो, जिंकणारी चाल आपण शोधायची) घड्याळ लावून सोडवा, डाव खेळण्यात किंवा एंडगेम, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेला डावाचा शेवट, शिकण्यात वेळ घालवू नका, पझलचं रेटिंग, म्हणजे ताकद मोजणारा आकडा, 2000 झालं की मूल 2000चं खेळाडू झालं, गणितात मार्क आपोआप वाढतील, आणि नागपूरची दिव्या देशमुख अशीच ग्रँडमास्टर झाली.

आधी "डाव खेळू नका" हे घेतो, कारण नुकसान त्यानेच झालंय.

गेल्या महिन्यातली एक छोटी शालेय स्पर्धा. भाच्याने पांढऱ्याकडून राजाचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग सी4वर उंट अशी नेहमीची सुरुवात केली. समोरच्या मुलीने सी6ला घोडा आणला, डी6 केलं आणि उंट जी4ला आणून याचा घोडा वजिराला पिन केला, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उंटाच्या तोंडी. इथे साहेबांनी त्याच घोड्याने ई5चं प्यादं मारलं. वजीर उघडा! का, तर हे पझल त्याने वीसेक वेळा सोडवलेलं: काळा लोभाने वजीर खातो, मग उंटाने एफ7वर शह, राजा ई7ला, दुसरा घोडा डी5वर आणि मात. लेगालची मात म्हणतात हिला, जुनी आणि देखणी.

मुलीने वजिराकडे बघितलंसुद्धा नाही. सी6चा घोडा उचलला आणि ई5चा घोडा मारला. तो घोडा तिथून जी4चा उंटही राखतो, म्हणजे वजिराने उंट खायचीही सोय नाही. वर सी4च्या उंटावर त्याची नजर आहेच. एका प्याद्यासाठी घोडा गेला. पझलमध्ये सी6चं घर रिकामं होतं, हा एवढाच फरक. मी विचारलं, वजीर का सोडलास? म्हणाला, "मामा, पझलमध्ये चालतं."

खरंच चालतं, कारण पझल तसंच निवडलेलं असतं. लिचेससारख्या साइटवरची पझल लोकांच्या खऱ्या डावांतूनच काढलेली असतात, पण कुणीतरी घोडचूक केली आणि समोर जिंकणारी एकच चाल आहे, अशी जागा हेरून. पझल उघडताक्षणीच मुलाला कळतं की इथे काहीतरी आहे. डावात हे कोण सांगणार? चाळीस चालींत तसा क्षण एखादाच येतो, बाकीच्या वेळी काही नसतं आणि नुसती बरी चाल शोधायची असते. शंभर पझल सोडवलेल्या मुलाला प्रत्येक चालीत वजीर द्यावासा वाटतो.

उलट बाजूचं उदाहरण तर जगाने पाहिलंय. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ2वर नेला. आपल्या डी. गुकेशने हत्ती बदलले, डी5वर उंट आणून कोपऱ्यात अडकलेला उंटही बदलायला लावला, उरला राजा-प्याद्यांचा शेवट, एक प्यादं जास्त. खलास. पझल म्हणून दिलं तर मधल्या फळीतली मुलंही हे सोडवतील. पण ती चूक आपल्याही लगेच लक्षात आली नव्हती, असं खुद्द गुकेशने नंतर सांगितलं. शिवाय तो प्याद्यांचा शेवट जिंकलेला आहे हे माहीत नसेल, तर उंट बदलायचं सुचणारच नाही. आणि फॉरवर्ड म्हणतो, एंडगेम शिकण्यात वेळ दवडू नका!

रेटिंगचं थोडक्यात सांगतो. पझलच्या रेटिंगमध्ये तुमचा प्रतिस्पर्धी माणूस नसतो, पझल असतं. सुटलं की तुम्ही जिंकलात, तुमचा आकडा वर, त्याचा खाली. लिचेसवर नवीन खात्याची सुरुवातच 1500पासून होते. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, रेटिंगची यादी 2024पासून 1400ला सुरू होते आणि तिथे पोचायला रेटिंगवाल्या माणसांशी खेळून गुण मिळवावे लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवणं म्हणजे कॅरमचे पॉइंट क्रिकेटच्या धावफलकावर लिहिणं.

दिव्याबद्दल तर रागच आला. ती 2025च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले आणि मग कमी वेळेच्या रॅपिड टायब्रेकमध्ये तिने बाजी मारली. लहानपणापासून स्पर्धांमागून स्पर्धा खेळलेल्या मुलीचं नाव "डाव खेळू नका" या सल्ल्याखाली छापायला काहीतरी वाटायला हवं होतं.

आता एक कबूल करतो, नाइलाजाने. पझलशिवाय चालत नाही. मीही त्यांच्यावरच वाढलो, फक्त ती वर्तमानपत्राच्या कात्रणांतली होती. जाणता खेळाडू पट सुटी सोंगटी म्हणून नाही, ओळखीच्या आकृत्यांनी वाचतो, हे विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1973मध्येच दाखवलंय, आणि त्या आकृत्या पझलमधून डोळ्यांत बसतात. तेव्हा पझल हवीतच. पण दहा, घड्याळाशिवाय, आणि समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर काय हे तोंडाने सांगून मगच बोट लावायचं. चुकलेलं पझल सोडून पुढे पळायचं नाही.

राहिलं गणित. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या शिक्षणातल्या संस्थेने 100 प्राथमिक शाळा घेऊन हे तपासलं. मुलं भाच्याच्याच वयाची, नऊ-दहा वर्षांची. काही शाळांत वर्षभर बुद्धिबळाचे तास, बाकीच्यांत नाही. वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली तर दोन्हीकडच्या मुलांत फरक नाही. निकाल 2016ला प्रसिद्ध झाला. तोही पटावर शिकवलेल्या बुद्धिबळाचा, मोबाइलवर टिचक्या मारण्याचा नव्हे.

ताई, हे सगळं तुला फोनवर सांगत होतो तर तू म्हणालीस, "पण त्याचं रेटिंग 1900 झालंय ना!" झालंय. रविवारी त्याला घेऊन ये, आणि त्या स्पर्धेच्या स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेले कागद, आण. पाचही डावांच्या. जिंकलेल्या दोन आधी बघायच्या आहेत मला.