आण्णा विचारतात, रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

टेक्सासात रात्री नऊला आमच्या औषधाच्या दुकानाचं शटर पडतं तेव्हा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात सकाळचे साडेसात झालेले असतात. आण्णांची धार काढून, चहा पिऊन झालेली असते. त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक वेळा मी दुकानातून गाडीकडे चालत असतानाच होतं. मागच्या महिन्यात त्यांनी इकडचं तिकडचं न करता विचारलं, "बाई, रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? तू टेक्सासात हाईस, तुला म्हाईत असणार."

आण्णा माझे थोरले चुलतभाऊ. भात, ऊस, थोडी काजू आणि जांबोटीच्या वाटेवर एक पोल्ट्री. घरात अज्जांच्या वेळची दुनळी बंदूक आहे, पीक राखायच्या परवान्यावरची. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आणि उरलेल्या काळात रानडुकरं तिला अजिबात भीत नाहीत. आता आण्णांना कमरेला लावायचं काहीतरी हवं आहे.

मला माहीत आहे, हे खरं. मी रात्री उशिरा एकटी गाडी चालवत घरी जाते, आणि ग्रीन कार्ड आल्यावर मी इथला परवाना काढला. त्याआधी काढता आला नसता. नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांना शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. गावाकडे वाटतं की विमानतळावरून उतरलं की बॅगेबरोबर पिस्तूल मिळतं. तरी टेक्सास तसं सैलच आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांपुढच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला हँडगन, म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, बाळगायला परवानाही लागत नाही. मी तो काढला तो शिकायला मिळावं म्हणून. वर्ग, मग पन्नास गोळ्यांची परीक्षा: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण.

माझ्या प्रशिक्षकानं जुनी गोष्ट सांगितली. २०१३ पर्यंत टेक्सासच्या परवान्यावर दोन प्रकार होते. रिव्हॉल्व्हरवर परीक्षा दिली असेल तर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल बाळगता येत नसे; पिस्तुलावर दिली असेल तर दोन्ही चालत. पुढे तो फरक काढून टाकला. पण सरकारलाही एके काळी एवढं कळत होतं की पिस्तुलाला वेगळं शिक्षण लागतं.

आण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. पाच गोळ्यांचं लहान रिव्हॉल्व्हर हे मठ्ठ, पण भरवशाचं जनावर. चाप ओढला की काडतुसांचं चक्र फिरतं, काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरं काडतूस समोर येतं. घोडा (हॅमर) आत झाकलेला असेल तर पर्समधून काढताना कशात अडकत नाही. मात्र त्याचा चाप जड, दहा-बारा पौंडांचा, नळी आखूड, आणि वजन हलकं असल्यानं धक्का सगळा तळहातावर. पहिल्या दिवशी माझ्या सात यार्डांवरच्या गोळ्या कागदभर सांडल्या होत्या, जत्रेत चुरमुरे सांडावेत तशा.

पिस्तूल चपटं असतं, कपड्यांतून दिसत नाही. २०१८ साली आलेल्या सिग पी ३६५ नावाच्या एवढ्याशा नऊ एमएम पिस्तुलात मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या पेटीत, दहा आणि नळीत एक अशा गोळ्या बसतात. चाप हलका, नेम सोपा. पण स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला मनगटात जोर हवा. पकड ढिली पडली तर रिकामं टरफल बाहेर पडता पडता मध्येच अडकतं, आणि मग मॅगझीनवर थाप मारून स्लाइड ओढायची सवय हाताला हवी. डोक्याला असून चालत नाही. शिवाय मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं मानणाऱ्यांनी जगभर स्वतःचे पाय आणि दुसऱ्यांचे जीव घालवलेत. एक गोळी नळीत बसलेलीच असते.

इथले पोलीसही एका रात्रीत बदलले नाहीत. ११ एप्रिल १९८६ ला मायामीतल्या चकमकीत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एकाला हाताला गोळी लागल्यावर रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. त्यानंतर एफबीआय पिस्तुलाकडे वळली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये पिस्तूल स्वीकारलं, तरी जुने हवालदार रिव्हॉल्व्हर सोडेनात; शेवटची २०१८ मध्ये गेली. या बदलामागे सरावाच्या पेट्याच्या पेट्या गोळ्या होत्या. मी स्वतः आज पिस्तूल बाळगते, कारण दर महिन्याला शंभरेक गोळ्या उडवते. नऊ एमएमची गोळी पंचवीस-तीस सेंटला पडते.

आण्णांना काय मिळणार? नऊ एमएम आपल्याकडे सामान्य माणसाला बंदच. उरतं पॉइंट ३२ बोअरचं. त्यात कानपूरचं रिव्हॉल्व्हर आहे, तशीच 'अशनी' पिस्तूल आहे. (२०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, पाचशे ग्रॅमचं, सव्वा लाखाच्या घरात. रात्रीच्या एसटीला उभ्या राहणाऱ्या कुठल्या बाईसाठी ते होतं, मला अजून कळलेलं नाही.) काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं, आणि आण्णांच्या हिशेबानं एका काडतुसात एक ताट जेवण होतं. सरावाला जागा कुठली? बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, म्हणून काय आण्णांना फायरिंग रेंज उघडी नाही. म्हणजे घेतलं की कपाटात, आणि वर्षाकाठी एकदा तेलपाणी. अशा माणसाच्या हातात पिस्तूल देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला मलप्रभेला पूर असताना होडी देणं. मी सांगितलं, घेणारच असाल तर रिव्हॉल्व्हर.

इथवर आण्णा खूश होते. मग मी विचारलं, कशासाठी?

"सगळ्यांकडं हाय." हे पहिलं कारण. दुसरं, "कोडगूवाल्यांना परवान्यातनं सूट, आणि आम्ही काय पाप केलंय?" कोडगूतल्या, म्हणजे कूर्गातल्या, कोडवांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली आहे, आणि बेळगावच्या मराठी माणसाला कर्नाटकात दुसऱ्या कुणाला काही मिळालं की ते आपल्या ताटातून गेल्यासारखं वाटतं. १९५६ पासूनची सवय आहे, मीही तिच्यातच वाढले. पण हे काही सीमाप्रश्नाचं कलम नव्हे. उलट सीमेचाच घोळ आहे: परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते कर्नाटकापुरतं असेल तर शिनोळीची सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या सासरवाडीला जाताना आण्णांना रिव्हॉल्व्हर घरी ठेवूनच निघावं लागेल.

तिसरं कारण खरं वजनदार होतं. "दिवस वाईट हाईत. धारवाडात कलबुर्गी सरांना दारात मारलं." २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, ऑगस्टमध्ये कन्नड विचारवंत कलबुर्गी; दोन्ही वेळा ७.६५ एमएमचं गावठी पिस्तूल. तेव्हापासून आमच्या भागात पारावरचा युक्तिवाद असा की त्यांच्याकडे हत्यार असतं तर. मला तो पटत नाही. पानसरे बायकोबरोबर सकाळी फिरून घरी परतत होते, कलबुर्गी दार वाजलं म्हणून बाहेर आले होते. दारात आलेल्या, ओळख नसलेल्या पोराला भेटताना हातात रिव्हॉल्व्हर धरणारा माणूस कलबुर्गी नसता. गावठी कट्टा बिनपरवान्याचा येतो आणि बिनपरवान्याचाच जातो. आण्णांना परवाना दिल्यानं तो एकही कमी होणार नाही.

माझीच गोष्ट बघा. दुकानात दरोड्याची भीती आहे ती काउंटरवर, गोळ्या-औषधांच्या कपाटाशी. तिथे पिस्तूल आणायला मालकाची बंदी. टेक्सासचा कायदा २०११ पासून एवढंच सांगतो की कायदेशीरपणे हत्यार बाळगणाऱ्या नोकरदारानं ते पार्किंगमध्ये, कुलूपबंद गाडीत ठेवलं तर मालकानं अडवू नये. म्हणजे धोका आत आणि पिस्तूल बाहेर. गाडी फोडून पिस्तूल नेलं तर उद्या ते माझ्याच काउंटरवर माझ्याकडे रोखलेलं दिसेल, हा विचार मी दर रात्री करते, आणि तरी ते बाळगते. घरी आल्यावर तिजोरीत ठेवते, कारण लेक चौदा वर्षांची आहे. २०२१ मध्ये या देशात बंदुकीनं अठ्ठेचाळीस हजारांवर माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. आमच्या गावात ते काम तणनाशकाची बाटली करते. बाटलीनंतर दवाखान्यात न्यायला कधी कधी वेळ मिळतो.

एक गोष्ट मात्र आपल्या कायद्याची मला इथल्यापेक्षा आवडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेलं हवं. टेक्सासात कमरेला उघडं लावून माणूस भाजी घेतो. आपल्याकडे झाकायचं असतं, पण घेतात दाखवायलाच: लग्नात, मिरवणुकीत, कारखान्याच्या सभेत शर्ट जरा वर गेला पाहिजे. हवेत बार काढले तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मी आण्णांना दोनदा ऐकवलं.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालू होता. मी गाडीत बसले, दार लॉक केलं.

"म्हंजे रिव्हॉल्व्हर," ते म्हणाले.

"घेणारच असाल तर."

"घेतलं की निवडणुकीला जमा करायचं. तेवीसला दुनळी जमा केली, चोवीसला केली. परत हेलपाटे." थोडं थांबून म्हणाले, "झेडपीची निवडणूक एकदा होऊन जाऊ दे, मग अर्ज करतो."

झेडपीची निवडणूक कर्नाटकात २०२१ पासून लांबली आहे. मी बरं म्हटलं आणि गाडी सुरू केली.